पाक पुढे जाण्याआधी

दिवाळीला चार दिवस उरले की मोहनथाळासाठी साखरेचा पाक शेगडीवर चढतो. घरातील वडीलधारी सासू चमच्यातला थेंब बशीत घेते, किंचित निवू देते आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरून बोटे हळूच विलग करते. दोन बोटांमध्ये केसाएवढी बारीक तार उभी राहते आणि तुटते. "अजून जरासा होऊ दे," असे ती म्हणते. मिनिटभराने पुन्हा थेंब, पुन्हा तार. या वेळी तार तुटत नाही. "उतरव, उतरव लवकर, पाक पुढे जाईल!" शेजारी उभ्या असलेल्या नव्या सुनेच्या हातातील मोबाइलवर त्याच पदार्थाची कृती उघडलेली असते. तिथे एवढेच लिहिलेले असते : पाक घट्ट होईपर्यंत उकळावा.

घट्ट म्हणजे किती घट्ट? या प्रश्नाला मोबाइलजवळ उत्तर नसते, सासूजवळ असते. ते उत्तर तिच्या बोटांत असते आणि तिच्या शब्दांत असते. चिकट पाक, एकतारी पाक, दोनतारी पाक, गोळीबंद पाक, कडक पाक ही केवळ नावे नव्हेत, ती मापे आहेत. गुलाबजामाला तार न येणारा, नुसता बोटाला चिकटणारा पाक पुरतो. बुंदीच्या लाडवाला एकतारी लागतो. पाण्यात थेंब टाकल्यावर त्याची मऊ गोळी वळता आली की तो गोळीबंद. आणि पाण्यात पडताच थेंब कडक होऊन काचेसारखा टणकन मोडला की तो चिक्कीचा. तापमापक लावून पाहिल्यास एकतारी पाक साधारण १०५ अंश सेल्सियसच्या आसपास असतो, मऊ गोळीचा पाक ११२ ते ११६ अंशांवर आणि काचेसारखा मोडणारा पाक १४६ अंशांच्या पुढे. म्हणजे एकतारी आणि गोळीबंद यांच्यात अंतर जेमतेम सात ते अकरा अंशांचे. पहिल्याचा लाडू वळला जातो, दुसऱ्याचा दगड होतो. ज्या स्त्रियांनी आयुष्यात कधी तापमापक हाती धरला नाही, त्यांनी हे अंतर एका शब्दाने सांभाळले.

मराठीचा हा शब्दसाठा फार मोठा आहे आणि त्यातील प्रत्येक शब्दाला स्वतःची जागा आहे. भज्यांचे पीठ सरसरीत हवे, पिठले पळीवाढे हवे, भाजी लपथपीत हवी, भात आसट हवा, तूप रवाळ हवे. बुळबुळीत, चिकट, ओशट आणि लिबलिबीत हे चारही शब्द नकोशा स्पर्शाचे, पण चौघांचा स्पर्श वेगळा. डिंक चिकट असतो, ओशट नसतो. तेलाचा हात ओशट असतो, चिकट असेलच असे नाही. भेंडी चिरल्यावर सुरीला जे लागते ते बुळबुळीत.

क्रियापदांकडे पाहिले तर हा विवेक आणखी सूक्ष्म दिसतो. दूध आटते, पिठले आळते, तूप थिजते, पाणी गोठते, रक्त साकळते. पाचही क्रियांत पातळ पदार्थ दाट किंवा घन होतो, पण एकाचे क्रियापद दुसऱ्याला लावता येत नाही. आटते तेव्हा पाणी वाफ होऊन निघून जाते आणि जे मागे उरते ते कायमचे दाट होते. त्यासाठी विस्तव लागतो. थिजते तेव्हा काहीच जात नाही, फक्त ऊब जाते. थिजलेले तूप उन्हात ठेवले की पुन्हा पाघळते. आटलेली बासुंदी उन्हात ठेवली म्हणून पुन्हा दूध होत नाही. कोणता दाटपणा उबेने फिटतो आणि कोणता फिटत नाही, हे या भाषेने केवळ क्रियापदाच्या निवडीतून सांगून ठेवले आहे. पुढील विवेचनात हा भेद उपयोगी पडणार आहे.

या शब्दांची खरी पाठशाळा म्हणजे गुऱ्हाळ. कोल्हापूर-सांगली भागातील अनेक जैन कुटुंबांचा ऊस आणि गूळ यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. कुणी पिकवणारे, कुणी आडत दुकानात विकणारे. चरकातून निघालेला रस काहिलीत येतो. चुलवणात चिपाडांचा जाळ पेटतो. उकळी येऊ लागली की मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढली जाते. रस निवळावा म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालण्याची जुनी पद्धत आहे. मळी निघून गेल्यावर रस आटू लागतो, बुडबुड्यांचा आकार बदलतो, रंग बदलतो, वास बदलतो. प्रथम काकवीची अवस्था येते आणि तिच्यापुढे गुळाची. साधारण दहा किलो उसापासून एक किलो गूळ मिळतो. पण तो किलोभर गूळ उत्तम की टाकाऊ, हे शेवटच्या काही मिनिटांत ठरते. तो निर्णय गुळव्या घेतो. तो उकळत्या पाकाचा थोडा भाग थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून पाहतो आणि मग काहील उतरवायला सांगतो.

गुळव्याने घाई केली तर गूळ कच्चा राहतो. हिवाळ्यात तो ठीक दिसतो, पण पावसाळ्याची हवा लागताच पाझरू लागतो आणि गोदामात ठेवलेल्या ढेपेखालचे पोते ओले होते. गुळव्याने उशीर केला तर गूळ काळपट पडतो आणि त्याला करपट चव येते. दोन्ही चुकांचा भुर्दंड शेवटी व्यापाऱ्याच्या खतावणीत दिसतो. म्हणून सौद्यात उभा राहणारा जाणता व्यापारी भाव बोलण्यापूर्वी खडा फोडून पाहतो, बोटांत चुरतो, जिभेवर ठेवतो. पाक कोणत्या क्षणी उतरवला गेला, हे त्या खड्यात लिहिलेले असते.

वैद्यांनीही हीच परीक्षा शास्त्राला धरून सांगितली. शार्ङ्गधरसंहितेत अवलेह, म्हणजे चाटून घेण्याचे दाट औषध, तयार झाल्याची लक्षणे दिली आहेत : त्याला तार सुटावी, पाण्यात टाकला असता तो न पसरता बुडावा, बोटाने दाबला असता ठसा उमटावा आणि औषधाचा गंध, रंग व चव प्रकट व्हावी. स्वयंपाकघरातील सासू, काहिलीपाशी उभा गुळव्या आणि ग्रंथकार वैद्य यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही, तरी तिघांची कसोटी एकच आहे.

पदार्थविज्ञानात या गुणाला श्यानता म्हणतात. वाहताना पदार्थाचे थर एकमेकांना जो विरोध करतात, त्याचे ते माप. त्याच्या एका एककाला पॉइज हे नाव मिळाले ते झाँ पॉयझय या फ्रेंच वैद्यावरून. १७९७ ते १८६९ या काळात होऊन गेलेल्या या वैद्याने बारीक नलिकांमधून द्रव कसा वाहतो याचा अभ्यास केला, कारण त्याला केशवाहिन्यांतील रक्ताचा प्रवाह समजून घ्यायचा होता. खोलीच्या तापमानाला एरंडेल तेल पाण्याच्या सुमारे हजार पट दाट असते आणि मध त्याहूनही कित्येक पट. या शास्त्रातील सर्वांत विलक्षण उदाहरण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात आहे. १९२७ साली तेथील प्राध्यापक थॉमस पार्नेल यांनी डांबरासारखा एक काळा पदार्थ नरसाळ्यात ओतून ठेवला. तो इतका कडक दिसतो की हातोडीचा घाव बसताच काचेसारखा फुटतो. तरीही १९३० मध्ये नरसाळ्याचे टोक कापून दिल्यापासून तो थेंब थेंब गळत आहे. नववा थेंब गळाला तो २०१४ साली. दगडासारखा दिसणारा पदार्थही वाहतो, फक्त त्याची गती पाहण्यासाठी एक आयुष्य अपुरे पडते.

येथवर गोष्ट स्वयंपाकघराची, बाजाराची आणि प्रयोगशाळेची झाली. जैन आचार्यांनी हेच माप उचलून माणसाच्या मनाला लावले, ही गोष्ट मात्र आपल्या घरांतही फार थोड्यांच्या लक्षात राहिली आहे.

कर्म आत्म्याला चिकटते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु किती चिकटते? कर्मग्रंथांनी बंधाचे चार प्रकार सांगितले : प्रकृती, स्थिती, रस आणि प्रदेश. रसबंध, ज्याला अनुभागबंधही म्हणतात, तो कर्माच्या फळाची तीव्रता सांगतो. ही तीव्रता समजावण्यासाठी तेराव्या शतकातील देवेंद्रसूरींच्या पाचव्या कर्मग्रंथात दृष्टांत आला आहे तो रस आटवण्याचा. अशुभ कर्मासाठी कडुनिंबाचा रस, शुभ कर्मासाठी उसाचा. नुसता पिळलेला रस हा एकस्थानिक. दोन भाग आटवून एक भाग उरवला तर द्विस्थानिक, तीन भागांचा एक केला तर त्रिस्थानिक, चार भागांचा एक केला तर चतुःस्थानिक. रस तोच, विस्तवावर तो किती काळ राहिला, यावर त्याचा कडवटपणा किंवा गोडवा ठरतो.

या दृष्टांताचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ताज्या उसाच्या रसात विरघळलेले घन पदार्थ साधारण १८ ते २० टक्के असतात. चार किलो रस आटवून एक किलो उरवला तर त्यात हे प्रमाण ७२ ते ८० टक्क्यांवर जाते. काकवीची अवस्था याच पट्ट्यात येते. म्हणजे चतुःस्थानिक रस ही केवळ शास्त्रातील संज्ञा नसून गुऱ्हाळात प्रत्यक्ष पाहता येणारी अवस्था आहे. पळीतून धार न तुटता उतरणारी काकवी ज्याने पाहिली आहे, त्याने तीव्र अनुभागाची उपमा डोळ्यांनी पाहिली आहे.

मग हा रस आटवणारा विस्तव कोणता? त्याचे उत्तर कषाय या शब्दात आहे. क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय सर्वांना पाठ असतात. पण त्यांना कषाय का म्हटले, हे सहसा विचारले जात नाही. वैद्यकात कषाय म्हणजे आटवलेला काढा. रंगाऱ्याच्या व्यवसायात कषाय म्हणजे वस्त्रावर रंग पक्का बसावा म्हणून वापरला जाणारा तुरट रस. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत हाच धागा धरला आहे : वड इत्यादी वृक्षांचा तुरट रस जसा चिकटण्याला कारण होतो, तसे क्रोधादी विकार आत्म्याला कर्म चिकटण्याला कारण होतात, म्हणून ते कषायासारखे. लोभाच्या चार प्रतींसाठी नेमिचंद्र आचार्यांच्या गोम्मटसारात ज्या उपमा आल्या, त्याही डागांच्याच आहेत. सर्वांत सौम्य लोभ हळदीच्या रंगासारखा, जो सहज उडून जातो. त्याहून गडद अंगावरच्या मळासारखा. त्यापुढचा गाडीच्या चाकातील काळ्या वंगणासारखा. आणि शेवटचा किरमिजी रंगासारखा, जो वस्त्र फाटले तरी जात नाही. बैलगाडीचे वंगण एकदा धोतराला लागले की काय होते, हे जुन्या व्यापाऱ्यांना सांगण्याची गरज नव्हती.

एखाद्या दोन भावांच्या पेढीत हे कसे घडते, ते पाहावे. रोजमेळात एका दिवशी धाकट्याच्या नावे पन्नास हजारांची उचल लिहिलेली दिसते. त्याने थोरल्याला विचारलेले नसते. मुलीच्या शाळेची फी भरायची असते, थोरला बाहेरगावी असतो, एवढेच कारण. त्या दिवशी संताप असतो तो नुसत्या रसासारखा पातळ. "अरे, एक फोन तरी करायचास," असे बोलून तो संपला असता. पण बोलणे होत नाही. रात्री तीच गोष्ट घरात बोलली जाते, दुसऱ्या दिवशी मुनिमाकडून पुन्हा ऐकली जाते, आठवड्याने एखादा नातेवाईक तिच्यात आपले चिपाड सारतो. जाळ लागत राहतो. चातुर्मास संपेपर्यंत पन्नास हजारांची वाफ झालेली असते, ती रक्कम कुणाला आठवतही नाही. मागे उरते ते फक्त "त्याने मला विचारले नाही" आणि "त्याने माझ्यावर संशय घेतला". दिवाळीला वहीपूजन दोन ठिकाणी होते. मुळात उचल केवढी होती, हे पुढच्या पिढीला ठाऊकही नसते. तिच्या वाट्याला येते ती तयार ढेप.

श्वेतांबर कर्मग्रंथांनी कषायाच्या चार प्रतींना कालमर्यादा सांगितल्या आहेत. संज्वलन पंधरा दिवस, प्रत्याख्यानावरण चार महिने, अप्रत्याख्यानावरण एक वर्ष आणि अनंतानुबंधी जन्मभर. या आकड्यांशेजारी प्रतिक्रमणाचे दिवस मांडून पाहावेत : पाक्षिक, चातुर्मासिक, सांवत्सरिक. प्रत्येक प्रतिक्रमण एकेका प्रतीच्या उंबरठ्यावर उभे आहे. पंधरा दिवसांचा राग महिन्यांत जाऊ नये, महिन्यांचा वर्षात जाऊ नये, वर्षाचा जन्मभरात जाऊ नये. दिगंबर परंपरेत दशलक्षण पर्वाचा आरंभ उत्तम क्षमेने होतो आणि पर्वानंतर क्षमावाणी येते. तिथेही वर्षाकाठी काहील उतरवण्याचीच सोय आहे. पंचांगातील या तिथी म्हणजे बशीत थेंब घेऊन तार पाहण्याचे दिवस आहेत.

तिथी पाळल्या जातात, पण थेंब पाहिला जातो का, हा प्रश्न उरतो. 'मिच्छामि दुक्कडं' हे शब्द आज एका बोटाने शेकडो लोकांना पाठवता येतात. ज्यांच्याशी कधी दोन शब्दांचे भांडण झाले नाही अशा सर्वांना तो संदेश जातो, आणि ज्या एका भावाला तो जायला हवा, त्याचे नाव यादीतून वगळलेले असते. त्याच्यासाठी संदेश पुरणारही नाही. थिजलेल्या तुपाला जवळची ऊब लागते. संदेशात ती नसते, दारात उभे राहण्यात असते.

येथे आटणे आणि थिजणे यांतील भेद पुन्हा आठवावा. कित्येक घरांतील अबोला प्रत्यक्षात आटलेला नसतोच. काहीही जळून गेलेले नसते, केवळ येणे-जाणे थांबलेले असते, ऊब गेलेली असते. तो थिजलेला असतो आणि एका भेटीत पाघळू शकतो. ज्याला आपण कायमचे वैर म्हणून सोडून दिले, ते खरोखर त्या प्रतीचे आहे की निव्वळ थिजलेले आहे, हे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि जे खरोखर आटून कडक झाले आहे, त्याच्याविषयीही अगदी निराश होण्याचे कारण नाही. क्वीन्सलँडच्या नरसाळ्यातील काळा पदार्थही वाहतोच.

दाट पदार्थांचे आणखी एक लक्षण सांगायचे राहिले : त्यांचा थेंब पडायला वेळ लागतो. मधुबिंदूचे चित्र अनेक जैन मंदिरांच्या भिंतीवर पाहायला मिळते. हत्तीच्या भीतीने पळणारा माणूस विहिरीत लोंबकळतो आहे, खाली अजगर आहे, चार बाजूंना चार साप आहेत, काळा व पांढरा उंदीर त्याची फांदी कुरतडत आहेत, आणि वरच्या पोळ्यातून मधाचा एक थेंब त्याच्या ओठावर पडतो. ते चार साप म्हणजे चार कषाय. कथेच्या प्रचलित रूपात विद्याधर विमान घेऊन येतो, हात पुढे करतो, आणि हा म्हणतो : हा एवढा थेंब पडू द्या, मग येतो. त्या जागी पाणी ठिबकत असते तर तहान भागताच तो कदाचित निघाला असता. पण मध सावकाश उतरतो. एक थेंब ओठावर आला की दुसरा फुगताना दिसू लागतो. माणसाला अडकवतो तो गोडवा थोडा आणि वाट पाहणे अधिक. मधाचे बोट लावणे, कोपराला गूळ लावणे हे मराठीतील वाक्प्रचारही हेच सांगतात. जैन घरात मध वर्ज्य असतो, तो पानावर येत नाही. पण "एवढी वसुली होऊ दे, एवढा हंगाम जाऊ दे, मग बोलेन भावाशी" हा थेंब पुष्कळ घरांत रोज फुगत असतो.

मोहनथाळाच्या पाकाला सासूने दिलेला वेळ मिनिटाहून अधिक नव्हता. सून दुसऱ्या वर्षी मोबाइल बाजूला ठेवते, बशीत थेंब घेते आणि बोटे विलग करते. तार उभी राहते. "ही एकतारी का, आई?" असे ती विचारते. सासू पाहते आणि मान हलवते. सून विस्तव बंद करते.